खटक्यावरचा दुपट्टा

रसवंतीवरची बाई चरकात ऊस सारत होती आणि तिची बोटं त्या फिरत्या रुळांच्या इतकी जवळ गेली की हरिदास एकदम ओरडला, "हात काढ! हात काढ ना आधी!" चंद्रपूरच्या बस स्टँडबाहेर सकाळची गर्दी होती. रस प्यायला थांबलेली कॉलेजची पोरं, शेजारचा केळीवाला, रिक्षात पाय वर घेऊन बसलेला एक म्हातारा, सगळ्यांनी वळून पाहिलं. बाईनं मात्र हात काढला नाही. चिपाडाची घडी घातली, ती पुन्हा रुळांत दिली, पलीकडून ओढून घेतली आणि मगच सावकाश वर पाहिलं. हरिदासच्या शर्टाची उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेनं टाचलेली होती. ती दिसल्यावर बाईच्या कपाळावरची आठी गेली आणि ती जरा ओशाळून म्हणाली, "रोजचंच हाये भाऊ. सवय हाये हाताले." हाताला सवय असते हे हरिदासला कुणी सांगायला नको होतं. सवय होती म्हणूनच तर... त्यानं पुढचं मनात येऊ दिलं नाही. कांतानं, त्याच्या बायकोनं, त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "तुमाले कुठी न्यायची सोय नाई बापा," ती म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही. त्याची छाती धडधडत होती आणि जो हात नव्हता त्याच्या तळव्याला घाम फुटला होता. तीन वर्षांत असं भर रस्त्यात ओरडणं कधी झालं नव्हतं, ते नेमकं आज व्हावं याचंच त्याला भय वाटलं. मूलला जाणारी बस फलाटाला लागली तेव्हा रसाचे दोन्ही पेले तसेच ठेवून ते धावत सुटले.

बसमध्ये कांता त्याच्या उजवीकडे बसली. ती नेहमीच उजवीकडे बसते, कुणाचा धक्का त्या थोट्या हाताला लागू नये म्हणून. मांडीवर डब्याची पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट, नजर समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवर. आज मूलच्या कोर्टात हरिदासची साक्ष होती. खटला त्याच्यावर नव्हता आणि त्यानं कुणावर केलाही नव्हता. सरकार विरुद्ध वारलू असा तो खटला. हरिदास मूलच्या ज्या राइस मिलमध्ये कामाला होता तिथंच वारलू ऑपरेटर होता, मशीनचा मेन खटका ओढायचं काम त्याचं, आणि माणूस आत हात घालून बसलेला असताना त्यानं खटका ओढला असा त्याच्यावर आरोप. हात गेला हरिदासचा, म्हणून मुख्य साक्षीदार हरिदास. सरकारी वकिलांनी फोनवर सांगितलं होतं, घाबरायचं नाही, पोलिसांना सांगितलं तेच तिथं सांगायचं. भरपाईची केस चालवणाऱ्या वकीलबाई वेगळ्या होत्या, त्यांनीही बजावलं होतं: "हरिदासभाऊ, तुम्ही दुपट्टा टांगला होता ना? मग तेवढंच सांगा. टांगायचा विसरलो असं चुकूनही तोंडातून काढू नका. मिलच्या शेठला तेच तर हवंय. कामगारानं स्वतःच नियम मोडला म्हटलं की आपलं प्रकरण लटकलंच." दोघांनीही खरं तेच बोलायला सांगितलं होतं. दुपट्टा त्यानं टांगला होता, हे खरंच होतं. आणि ते खरं बोललं की वारलू जाणार होता तुरुंगात, ज्यानं काही केलं नव्हतं.

हा दुपट्ट्याचा प्रकार बाहेरच्या माणसाला सांगावा लागतो. मिलमध्ये धान वर चढवायला एलिवेटर असतो, म्हणजे पत्र्याचा उभा धोटा, चौकोनी नळासारखा, आत पट्टा आणि पट्ट्याला लहान डबे. धान ओलसर असलं की धोट्याच्या बुडाशी तुंबतं. मग बुडाची खिडकी उघडायची, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि गच्च बसलेलं धान मुठीमुठीनं बाहेर ओढायचं. खटका भिंतीच्या पलीकडे. ओढणाऱ्याला खिडकी दिसत नाही आणि खिडकीशी बसलेल्याला खटका दिसत नाही. कारखान्यात अशा खटक्याला कुलूप असावं असा कायदा आहे म्हणे. त्या मिलमध्ये कुलूप होतं, ते शेठच्या केबिनला. म्हणून गड्यांनी आपापसात एक रीत पाडून घेतली होती. आत हात घालणाऱ्यानं आधी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा खटक्याच्या मुठीवर टांगायचा. दुपट्टा मुठीवर आहे तोवर माणूस आत आहे. ज्याचा त्यानंच टांगायचा, ज्याचा त्यानंच काढायचा. दुसऱ्याच्या दुपट्ट्याला हात लावणं म्हणजे त्याच्या गळ्याला हात लावणं. एकदा खुद्द शेठ घाईत होता, ट्रक उभा होता, तरी खटक्यावर दुपट्टा पाहून तो मुकाट्यानं परत गेला होता. या गोष्टीचा हरिदासला फार अभिमान होता. शेठचा बाप आला तरी आमच्या दुपट्ट्याला हात लावत नाही, असं तो कुणाकुणाला सांगत फिरे. पण कांताला सांगितलं होतं का? इथं येऊन त्याचं डोकं अडे. तो त्या दिवसांतली एकेक संध्याकाळ उलगडून पाही, जेवण, पाणी, लेकीच्या, खुशबूच्या शाळेच्या गोष्टी, कांताच्या भावाशी झालेल्या गप्पा, आणि ते वाक्य आपण नेमकं कुणाला म्हणालो ते त्याला सापडत नसे.

बस लोहाऱ्याच्या पुढं आली आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान लागलं. पानगळ होऊन गेलेली, झाडं उघडी, खाली वाळलेल्या पानांचा खच. रस्त्याच्या कडेला बाया वाकून मोहफुलं वेचत होत्या. हात गेला तेव्हाही असेच दिवस होते. कांता मिलमध्ये कामाला लागून पुरता आठवडाही झाला नव्हता. बायकांचं काम बाहेर पटांगणात, उकडलेलं धान उन्हात पसरायचं आणि पायानं चाळवत राहायचं. मशीनघरात त्यांचं काही काम नसे. त्या दुपारी लाईट गेली. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारा हा जिल्हा, पण मूलची लाईट दुपारी जायची ती जायचीच. मिल गप्प झाली. लाईट नसताना एलिवेटर साफ करून घ्यावा, नंतर खोळंबा नको, म्हणून हरिदास उठला. लाईट नव्हती तरी त्यानं दुपट्टा टांगला. निळा, पांढऱ्या काठाचा, नवाच होता, दीक्षाभूमीहून आणलेला. मग तो भिंतीच्या अलीकडे आला, खिडकी उघडली आणि मांडी घालून बसला. आतलं धान कोमट होतं, दमट, त्याला उकड्या तांदळाचा तो गोडसर आंबूस वास. तो वास त्याला आवडायचा. एक मूठ, दुसरी मूठ. पटांगणातून बायकांचं बोलणं येत होतं. मग वर कुठंतरी पंखा खरखरला, ट्यूबलाईट फडफडली, पलीकडून वारलूची नेहमीची हाक आली, "चाल्लू!" आणि हरिदासला इतकंच वाटलं की अरे, माझा दुपट्टा.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आपलाच आवाज, दुसऱ्या कुणाचा वाटावा असा. पत्र्यावर पाय आपटणारे कुणीतरी, बहुधा तोच. मग कांता. ती धावत आली आणि तिच्या डोक्यावर, उन्हासाठी कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेला, निळा दुपट्टा होता. तो तिनं ओरबाडून सोडला आणि त्याच्या कोपराशी आवळून बांधला. किती जोर होता त्या बाईच्या हातात! डॉक्टर नंतर म्हणाले, त्या बांधण्यानंच माणूस वाचला. सगळ्या मिलमध्ये, सगळ्या वस्तीत कांताचं कौतुक झालं. बाई डगमगली नाही, बाईनं वेळेला डोकं चालवलं. हरिदास खाटेवर पडून ते कौतुक ऐकत होता आणि एका रात्री, औषधाची गुंगी उतरत असताना, त्याच्या मनात साधा प्रश्न उभा राहिला: पण तो दुपट्टा हिच्या डोक्यावर आला कसा? खटक्यावर टांगलेला दुपट्टा खटका ओढायच्या आधीच तिच्या डोक्यावर होता. नवऱ्याचाच तर होता. भर उन्हात पाय भाजत धान चाळवणारी बाई पाणी प्यायला सावलीत आली असेल, नवऱ्याचा दुपट्टा दिसला असेल, घेतला असेल. त्यात कुणाला विचारायचं काय? एवढं सगळं एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तो म्हणाला, "मी टांगला होता साहेब." तेवढंच म्हणाला. बाकीचं कुणी विचारलं नाही.

वारलू मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता: "खटका रिकामा होता. दुपट्टा नोहता. मी पाह्यलो ना." कुणाला पटणार? हरिदास म्हणजे नेमाचा माणूस, त्याचा दुपट्टा टांगायचा राहील हे कुणी मानायला तयार नव्हतं. आणि वारलू पडला आलापल्लीकडच्या रानातल्या गावचा गोंड. लोकांनी लगेच जोडून टाकलं की मोहाची घेतली असेल, ह्या लोकांचं काय सांगावं. त्यानं त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता, हे हरिदासइतकं कुणाला माहीत होतं? सकाळी दोघांनी एकाच डब्यातली अंबाडीची भाजी खाल्ली होती. आणि त्या धोट्यातून तुटलेला हात बाहेर काढायला दुसरं कुणी पुढं आलं नाही. वारलूनं काढला. आपल्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि डॉक्टर जोडतील या आशेनं मोटारसायकलवर मागं बसून दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी पाहिलं आणि नुसती मान हलवली. वारलू तो गुंडाळा पोटाशी धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात किती वेळ उभा होता, ते कांतानंच नंतर सांगितलं. पुढं त्याला मिलमधून काढलं. दुसऱ्या मिलनं घेतलं नाही, तिसरीनं घेतलं नाही. पोरं त्याला हातखाव्या म्हणायला लागली. तो बायकोपोरांना घेऊन गावी परतला आणि दर तारखेला तिकडून गाड्या बदलत मूलला येत राहिला.

चिचपल्लीला बस थांबली, चणे-फुटाणेवाला चढला आणि उतरला. हरिदासच्या नसलेल्या हाताला खाज सुटली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेला. ही खाज फार वाईट, कारण खाजवायचं कुठं? घरी असताना तो त्या जागी अंथरूण खाजवतो आणि गंमत म्हणजे कधीकधी बरं वाटतं. हात गेला तेव्हा धानाची मूठ भरलेली होती, ती अजून उघडलेली नाही. थोड्या वेळानं तीच मूठ आवळत जाते, नखं तळव्यात रुततात. डॉक्टर म्हणतात, मेंदूला अजून कळलेलं नाही. लोकांचंही तसंच. काल स्टँडवर एक जण म्हणाला, "जरा हातभार लाव ना," आणि मग अशी जीभ चावली की हरिदासलाच हसू आलं. चंद्रपूरला आल्यावर त्याला सायकल स्टँडवर टोकन द्यायचं काम मिळालं होतं. बाबूपेठेत एक खोली, कांता मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, खुशबू शाळेत जाते. संसार चालला होता. कांता त्याची बटणं लावी, नखं कापी, भाकरीचे तुकडे करून देई, तो डाव्या हातानं जेवायला शिकला तरी करून देई. रात्री थोट्याला तेल लावी आणि लावताना बोलत नसे. पूर्वी ही बाई भांडखोर होती. मीठ कमी पडलं म्हटलं तर दोन दिवस बोलणार नाही, अशी. आता त्यानं ताट सरकवून दिलं तरी ती निमूट उचलायची. ते त्याला सहन होत नसे. एखाद्या दिवशी मुद्दाम वेडंवाकडं बोलून पाही, भांडेल म्हणून. ती भांडत नसे. हिला माहीत आहे, असं त्या वेळी त्याला वाटे. मग सकाळी ती खुशबूची वेणी घालताना गुणगुणत असे आणि त्याला वाटे, छे, हिच्या गावीही नाही. माहीत नसेल तर आपण सांगून तिचा जीव का जाळायचा? आणि माहीत असेल, माहीत असूनही ती वारलूला तारखांना फिरू देत असेल, तर मग ही रोज रात्री तेल लावते ती कोण? या दोन्हींमध्ये तो तीन वर्षं येरझारा घालत होता.

"काऊन गप बसले?" कांतानं विचारलं.

"काई नाई."

"जे हाये ते सांगा. डराचं नाई."

जे आहे ते! त्यानं वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं. घामानं कुंकवाच्या जागची टिकली सरकली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसती दमणूक होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात वारलू आधीच येऊन बसला होता. शेजारी त्याची बायको बुधरी, हिरवं लुगडं, हातात पानात गुंडाळलेली भाकर. वारलू इतका वाळला होता की हरिदासनं त्याला आधी ओळखलंच नाही. त्यानं उठून जागा करून दिली, आरोपीनं साक्षीदाराला. "बस भाऊ," तो म्हणाला. मग थोट्याकडे बघून, "दुखते का अजून?"

"कवा कवा."

"थंडीत दुखत असन." मग वारलू फरशीकडे पाहत हळूच बोलला, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये. "भाऊ, तू टांगला होता म्हनतेस, तर टांगलाच असशील. तू खोटा मानूस नाई. मंग मले काऊन दिसला नाई? मी लय याद करून पाह्यलो. कवा मले रिकामी मूठ दिसते, कवा निळा दिसते. आता तर निळाच दिसते. माह्याच डोळ्यावर माहा भरोसा नाई राह्यला."

वारलूची नोकरी गेली, गाव हसलं, हे हरिदासला माहीत होतं; पण बसल्या जागी त्याचे डोळे आपण काढून घेतले, हे त्याला आत्ता कळत होतं. कांता बुधरीच्या पलीकडे बसली होती. तिनं ऐकलं असणारच. ती डब्याच्या पिशवीची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तेवढ्यात शिपायानं हरिदासचं नाव पुकारलं.

आत पंखा हळू फिरत होता. मॅजिस्ट्रेट बाई काहीतरी लिहीत होत्या. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं त्याच्याकडून म्हणवून घेतलं गेलं आणि त्यानं ते स्पष्ट आवाजात म्हटलं. सरकारी वकिलांनी नाव, गाव, मिलमधलं काम विचारलं. उत्तरं सोपी होती, तोंड आपोआप बोलत होतं. मागच्या बाकावर वारलू आणि भिंतीशी कांता, पदर तोंडाशी धरलेली. हरिदासला धानाचा तो गोडसर वास यायला लागला. कोर्टात कुठून येणार? पण येत होता. एका वाक्याचा प्रश्न होता. टांगला होता म्हणावं तर वारलू जातो. टांगला होता आणि बायकोनं काढला म्हणावं तर कांता जाते, तुरुंगात नाही, पण माझ्यातून, खुशबूच्या मनातून, जे तिचं कौतुक करत होते त्या साऱ्या वस्तीतून. आणि नाही टांगला म्हणावं तर माझं स्वतःचं जे उरलंसुरलं आहे ते जातं.

"एलिवेटरमध्ये हात घालण्यापूर्वी तुम्ही काय केलं?" वकिलांनी विचारलं.

"खिडकी उघडली साहेब."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काई नाई."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुपट्टा? खटक्यावर दुपट्टा टांगायची तुमची पद्धत होती ना?"

"होती. त्या दिवशी टांगायचा राह्यला."

"पोलिसांना तुम्ही सांगितलंय की टांगला होता."

"दवाखान्यात होतो साहेब, गुंगीत. लाईट गेली होती, म्हनून वाटलं, काय टांगाचा. विसरलो म्हना, आळस म्हना. वारलूची चूक नाई."

मग बरीच बोलाचाली झाली. सरकारी वकील चिडून साक्षीदार फितूर झाला म्हणाले, त्यांनी आडवेतिडवे प्रश्न टाकले, कुणी काही दिलं का, कुणी धमकावलं का. हरिदास प्रत्येकाला नाही म्हणत गेला. त्याला आश्चर्य वाटत होतं की खोटं बोलताना जीभ अडखळत नव्हती आणि छातीची धडधडही थांबली होती. वारलूच्या वकिलाला उलटतपासणीचं विचारलं तेव्हा तो अर्धवट उठला, मला काही विचारायचं नाही म्हणाला आणि बसला. हरिदासनं डाव्या हातानं सही केली. बाहेर येताना त्यानं कांताकडे पाहिलं नाही.

व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वारलू खाली बसला. वकील त्याला सांगत होता की आता यात काही राहिलं नाही, सुटलास असं समज, पण तो ऐकत नव्हता. "मंजे खटका रिकामाच होता," तो म्हणत होता. "मी बराबर पाह्यलो होतो. रिकामा होता." आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं दुपट्ट्यात तोंड खुपसलं. बुधरी उठली ती सरळ हरिदाससमोर. एवढी गप्प बाई, पण तिचा आवाज कोर्टाच्या फाटकापर्यंत गेला. "आज आठोलं तुले? तीन साल काय झोपून होता का? माह्या मानसाले हातखाव्या म्हनते दुनिया. पोरीची सोयरीक मोडली त्यापायी. तुह्या आळसापायी आमचं घर उठलं, अन् तू आता येऊन सांगतेस, विसरलो!" मग ती गोंडीत बोलायला लागली. शब्द त्याला कळले नाहीत, अर्थ कळला. लोक जमले. हरिदास मान खाली घालून उभा राहिला आणि त्याला त्या शिव्या हव्याशा वाटल्या. प्रत्येक शिवी आपल्या अंगावर घ्यावी, एकही पलीकडे जाऊ देऊ नये, असं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याची ती मूठ सैल पडली होती. कांता त्याच्या उजवीकडे येऊन उभी होती.

ते दोघं फाटकाबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. ऊन चटका लावत होतं. भरपाईच्या वकीलबाईंना फोन करावा लागेल, त्या काय म्हणतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. खुशबूचं पुढचं शिक्षण, खोली, सगळं आता सायकल स्टँडच्या टोकनांवर. पण ते उद्या. चंद्रपूरची बस लांबून येताना दिसली आणि त्यानं डावा हात वर केला. बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. कांता जागची हलली नाही.

"चाल ना," हरिदास म्हणाला.

"तुमी टांगला होता," कांता म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "मुठीवर होता. मी घेतला."

"तुले काय माहीत होतं?" तो घाईघाईनं म्हणाला. "मी तुले सांगतलंच नोहतं त्या खटक्याचं. बायाले कोन सांगते? माही चूक हाये ते, तू..."

"सांगतलं होतं. जेवताना सांगतलं होतं, शेठचा बापबी हात लावत नाई म्हनून. मले याद होतं." तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "लाईट नोहती. म्हनून वाटलं, काय होते. डोकं तापलं होतं उन्हानं. पानी पिऊन परत टांगीन म्हटलं, अन् गेली मी तशीच."

"यायचं का नाही?" कंडक्टर ओरडला. दार आपटलं. हरिदास तिच्याकडे पाहत राहिला. आपण तिला सांगितलंच नव्हतं, या एका गोष्टीला तो तीन वर्षं धरून होता. अर्धी चूक आपल्याकडे आहे म्हणून तिच्याशेजारी झोपता येत होतं. तेही तिनं काढून घेतलं होतं. त्याला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिला जवळ ओढावं असंही वाटलं, आणि यातलं कुठलं आधी, ते त्याला कळेना.

"सुटला ना आता वारलू," तो कसाबसा म्हणाला. "झालं ना. आता कायले बोलाचं?"

"त्या शिव्या माह्या होत्या," कांता म्हणाली. "तुमी काऊन घेतल्या?"

तिनं डब्याची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि ती वळली. झपाझप चालत, मागं न पाहता, कोर्टाच्या फाटकाकडे. पायरीवर बुधरी अजून बसलेली होती, वारलू तिला भाकर खायला सांगत होता. हरिदासला हाक मारायची होती. "कांते" एवढंच म्हणायचं होतं. मग तो धावत निघाला, एका खांद्यावर हेलकावणारी पिशवी सावरत. तिला अडवायचं की तिच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, हे फाटकापर्यंत ठरवू असं त्याला वाटत होतं. तोवर कांता बुधरीसमोर जाऊन पोचली होती आणि बोलायला लागली होती.